मागचा माणूस

निवतीच्या वाळूत ओहोटीला
वल्ही रोवून आम्ही गोल करायचो.
त्या मोसमात लुसियाँ आला, मेतरांच्या माडीवर,
उजव्या गुडघ्यावर टाक्यांची गोम घेऊन.

सोळा वर्षं फ्रान्सात खेळलेला. पगारी. बॅक.
सत्यवानाने विचारलं, "गोल किती मारलस रे?"
दोन बोटं वर. मग एक मिटत
हसला. ते आपल्याच जाळ्यात.

शिकवलं एवढंच :
चेंडूकडे बघू नका, पायांकडे तर नाहीच,
समोरच्याच्या कमरेकडे बघा.
कंबर खोटं बोलत नाही.

त्याच्यामुळे न झालेल्या गोलांची
कुठे नोंद नव्हती.
आम्ही विचारलंही नाही.

रापण ओढायला मात्र यायचा,
दोराच्या अगदी शेवटी, सुरूंपाशी,
टाचा वाळूत पुरून.
फेसात उसळणारी मासळी
दिसायची आम्हाला, पुढच्यांना.
त्याला नुसत्या आमच्या पाठी.
दोर सैल पडला की
आमच्याआधी त्याला कळायचं.

गेला तेव्हा बूट ठेवून गेला सत्यवानाकडे.
त्याला ते दोन बोटं मोठे.
आता त्यात तो
जाळ्याची शिसं ठेवतो.