रोज पन्नास मिनिटं उशिरा

प्रशिक्षणाचा दुसरा दिवस.
शिआना बाईंनी आमच्या बुटांत सुके वाटाणे टाकले,
चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन फासलं,
हातांत दोन-दोन मोजे, कानाशी एक रेडिओ
कुठलंच स्टेशन धड न लागलेला,
आणि म्हणाल्या, आता शर्टाची बटणं लावा.

आम्ही अकरा जण. नर्सेस, दोन डॉक्टर,
आणि स्वयंपाकघरातली ओब्दुलिया,
जिला कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून येऊन बसलेली.
माझी तीन बटणं लागली. त्यातलं एक चुकीच्या काजात.
तेवढ्यात मागून कुणीतरी दंडाला धरलं
आणि मी, बावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसानं,
हात उगारला.

"हं," बाई म्हणाल्या,
"आता लिहा, वॉर्डच्या वहीत याला काय म्हणता ते."

आक्रमक.
आम्ही लिहितो, आक्रमक.

गृहपाठ असा : एक माणूस निवडा.
दोन आठवडे त्याच्या अस्वस्थपणाची नुसती वेळ टिपा.
कारण लिहू नका,
कारण आपल्याला फार लवकर सुचतं.

मी दोसिंदा निवडली. खोली नऊ, वय सत्त्याऐंशी,
दार गदागदा हलवणारी, चपला भिरकावणारी,
बादली मागणारी, आणि दिली
तर "ही नव्हे" म्हणून आपल्याच अंगावर येणारी.
तिला संध्याकाळची गोळी आहे.
पुस्तकात असतंच, दिवस मावळला की अशी माणसं बिथरतात.

सोमवार, नऊ दहा. सकाळचे.
मंगळवार, दहा.
बुधवार, दहा पन्नास.
गुरुवारी मी रजेवर; ओब्दुलियाची पेन्सिल :
पावणेबारा, सूप नको म्हणते.
शुक्रवार, साडेबारा.

मावळतीचा इथे संबंधच काय?

रात्री घरी दूध काढायला फ्रिजपाशी गेलो.
दारावर मच्छीमार संघाचं कॅलेंडर,
बापानं बोट विकून दहा वर्षं झाली
तरी दर जानेवारीत आणून लावायचं म्हणून लावलेलं.
सोमवार, पूर्ण ओहोटी, अकरा दहा.
मंगळवार, बारा.
मी दूध विसरलो.

दोन तास आधी. आमच्या किनाऱ्यावर पोरंही सांगतील,
तिसऱ्या काढणाऱ्या बायका दोन तास आधीच निघतात,
उतरत्या पाण्याच्या पाठीपाठीनं.
खोली नऊची खिडकी खाडीवर आहे.
त्या खिडकीचा पडदा मी बावीस वर्षं
ऊन येतं म्हणून अर्धा ओढत आलो.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, योगायोग.
असेलही.
दोन आठवडे व्हायला अजून नऊ दिवस होते.

शनिवारी एक वाजताच मी तिच्या दाराशी जाऊन उभा,
हातात गमबूट, आणि मेलेल्या आत्याचं दाताळं.
एक वीसला दार हललं.
मी उघडलं. आणि बाजूला झालो. एवढंच
शिकवलं होतं : बाजूला व्हा.

दाताळ्याच्या दातांवरून तिनं अंगठा फिरवला,
"हे नव्हे," म्हणाली, पण घेतलं.
उतरणीवर थांबलो. खाली चिखल उघडा पडत होता,
लांबवर वाकलेल्या पंधरा-वीस पाठी.
मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल, काहीतरी.
ती नुसती पाणी बघत राहिली,
आपण जसं घड्याळ बघतो.

मग माझ्याकडे वळली, कोण म्हणून ते देव जाणे,
माझ्या रेनकोटची बटणं
खालून वर, न बघता, गळ्यापर्यंत लावली
आणि वरच्यापाशी जरा जोरातच ओढलं.

वहीत अस्वस्थपणाचा रकाना आहे.
त्यात मी लिहिलं :
एक वीस. जाऊन आलो. वारा होता.