फुले तोडू नयेत

फाटकावरची पाटी हे माझं पहिलं वाचन.
फ ला उकार, ल ला मात्रा,
गंजावरून बोट सरकवत अर्धा तास:
फुले तोडू नयेत.
मागे वळून पाहिलं, तर
वेडी बाभूळ, गाजरगवत, मोडकी घसरगुंडी
आणि एक शेळी,
जिला वाचता येत नव्हतं
तरी ती नियम पाळत होती.
खटाबाई म्हणाली, "फुलं कोठे शेतस?"
निकुंभ सर हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी खडूच्या डबीबरोबर
त्यांनी तीन कुदळी आणल्या.

चोपड्यात, यावल रस्त्याला, नाल्याच्या काठी
कुणीतरी फीत कापून विसरून गेलेलं हे वनउद्यान.
आम्ही अठरा जण.
मी जिनिंगमधून सुटून यायची, केसांत कापसाचा बूर,
दगा आप्पा केळीच्या ट्रका भरणारा,
मुमताजबी तडवी अंगणवाडीत खिचडी शिजवणारी,
आणि रेल्या पावरा, ह्याच बागेचा वॉचमन,
सही मागितली की अंगठा खिशात घालणारा.

बाभळीचे काटे चपलेतून आरपार जायचे.
त्याच काट्यानं मातीत गिरवायचं.
ळ मला बाभळीनंच शिकवला,
निरगाठ बसल्यासारखा, आधी सुटेचना.
मुळं खोल होती, अक्षरंही.
घरी सून विचारायची, शाळेत जाता की रोजंदारीला?
मी हाताचे फोड दाखवायची आणि म्हणायची,
बाराखडी आहे.

एकशे चाळीस रोपं लावली पावसाळ्यात.
मे महिन्यात सर म्हणाले, मोजा.
एकसष्टांच्या काड्या झालेल्या.
शून्यातून एक जात नाही,
हातचा कुठून घ्यायचा, कोणी बोललं नाही.
दगा आप्पानं वहीत लिहिलं, एकोणऐंशी,
आणि खाली रेघ मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
मग तो रोज केळीचे ओले खुंट आणू लागला,
चिरून प्रत्येक बुडाशी अंथरू लागला,
आजारी माणसाच्या उशाशी ठेवावं तसं हळू.
वजाबाकी थांबली नाही.
कमी झाली.

तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून
झाडांच्या पाट्या केल्या.
सरांजवळ पुस्तक, रेल्याजवळ नाक.
सर पानं उलटायचे, तो पान चुरगाळून हुंगायचा.
कोपऱ्यातल्या झाडाला सर म्हणाले, बाभूळ.
रेल्या म्हणाला, हिवर. साल पांढरी बघा.
सरांनी पुस्तक बराच वेळ चाळलं, मिटलं,
आणि ब्रश त्याच्या हातात दिला.
अंगठा खिशातून बाहेर आला.
त्यानं लिहिलं: हीवर.
दुसरी वेलांटी.
सरांचा हात पुसायला पुढे गेला,
आम्ही सतरा जण त्या हाताकडे बघत राहिलो.
तो परत आला.
चौदा हात उंच झाड आहे,
त्याला दुसरी वेलांटी शोभते.

मार्गशीर्षात एका रविवारी शिकवलं काहीच नाही.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली,
कळण्याच्या भाकरी मुमताजबीनं थापल्या,
केळीच्या पानावर भरीत, वर कच्च्या तेलाची धार.
जेवण झाल्यावर अठ्ठावन्न वर्षांचे दगा आप्पा
दुरुस्त केलेल्या घसरगुंडीवर चढले
आणि मधेच अडकले.
खालून ओढायला चौघं, वरून ढकलायला सर.
लहानपणी मी घसरगुंडी पाहिली नव्हती.
सगळे पांगल्यावर
मीपण एकदा बसून घेतलं.

बाभळी निघाल्यावर आत एक बहावा सापडला होता,
वाकडा, गुदमरलेला, आम्ही मेलाच धरला होता.
दुसऱ्या वैशाखात तो पिवळा झाला,
एवढा, की रस्त्यावरची रिक्षा थांबली.
खटाबाईनं एक घोस तोडला, कानामागे खोचला.
मी म्हटलं, बाई, पाटी वाच.
ती फाटकाशी गेली,
न अडखळता, मोठ्यानं, सबंध वाचून आली.
म्हणाली,
"वाचता येस म्हनीसन
आयकनंच पडी का?"

बागेचा वॉचमन
तोंड फिरवून
हिवराची पाटी पुसत होता.