भीड

रात्रपाळीला वजनकाट्याच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच,
मी, दांगुओले, आणि तो.
बाहेर क्लायपेडा बंदरावर धुकं,
धुक्यातून गव्हाचे ट्रक येतात
दिवे मिचकावत, पेंगुळलेले.
ट्रक काट्यावर चढला की तो आकडा सांगतो
आणि मी शिक्का मारते.
अकरा वर्षं.

तो म्हणतो, कृपया थांबा.
मी म्हणते, चल रे, आटप.
त्याचं अहो-जाहो, माझं अरे-तुरे,
आणि तक्रार दोघांचीही नाही.

फेब्रुवारीत एका रात्री
रिकाम्या ट्रकचं वजन त्यानं चाळीस टन सांगितलं.
ड्रायव्हर खो-खो हसला.
'थंडी बाधलीय त्याला,' मी म्हटलं,
आणि मग माझं मलाच कळेना
ही सारवासारव मी कुणासाठी करतेय.
तेव्हापासून प्रत्येक आकडा
मी कागदावर पुन्हा मांडून बघते,
पाठ वळवून,
त्याला दिसू नये अशी.

सोमवारी ऑफिसातून फॉर्म आला:
तुमच्या संगणकाविषयी स्पष्ट मत द्या,
बदलायचा आहे.
फॉर्म उघडला तो त्याच्याच पडद्यावर.
वेग?
मी 'फार कमी'पर्यंत गेले.
कर्सर तिथंच लुकलुकत उभा.
तोंडावर कसं सांगायचं?
'ठीक' लिहिलं. खोडलं. 'चांगला' लिहिलं.
विश्वासू? 'अत्यंत.'
चाळीस टन गिळून टाकले.

सकाळी पाळी संपल्यावर
हिशेबाच्या खोलीत गेले, रिमगाउदासच्या मशीनवर.
ते माझं कुणी नव्हतं.
आधी दार लोटलं, मग भडाभडा लिहिलं:
अडकतो, विसरतो, गारठ्यात बावचळतो,
काढून टाका.
शेजाऱ्याच्या घरात बसून
घरच्याची चहाडी करावी तसं.

रिमगाउदास कॉफी घेऊन आला.
म्हणाला, सगळी मशिनं एकाच वायरीवर आहेत, बाई,
इथलं तिथं जातंच.
वायरिंगबद्दलच बोलत होता तो.
मी हसले,
कॉफी मात्र घशाखाली उतरेना.

रात्री परत केबिन.
मफलरच्या टोकानं त्याचा पडदा पुसला,
कधी नव्हे तो कडेकडेनंसुद्धा.
पहिला ट्रक चढला.
कृपया थांबा.
थांबले.
चौदा हजार आठशे वीस किलो, तो म्हणाला.
कागद हाताशीच होता.
शिक्का मारला.
पुढचा ट्रक बोलावला.