दोन आकड्यांच्या आत

खारीक आमच्याकडं आला तेव्हा सात महिन्यांचा होता,
मुधोळकडच्या मळ्यातून, टेम्पोत पोत्यांच्या मधे बसून.
रंग खारकेचा, पाय बांबूचे,
आणि मराठी येत नव्हतं.

"बस" म्हटलं की भिंतीकडं बघायचा.
पलीकडून शिवलीलाक्का म्हणाल्या,
"कुंदरू अन्री त्याला, कुंदरू."
तो बसला.
अण्णांना राग आला. कुत्र्याचा नाही, शब्दाचा.

अण्णांची चौतीस वर्षं वडगावात मागावर गेली.
आता उजवा कान गेलाय, डावा जायच्या वाटेवर,
म्हणून बोलतात ते ओरडून,
मीठसुद्धा भांडल्यासारखं मागतात.
त्यांनी "ये" म्हटलं की खारीक कॉटखाली.
मग ते पेपरची सुरळी करायचे.

त्या सुरळीचा आवाज मला माहीत आहे.
चौथीत, सतराच्या पाढ्याला.
असो.

पहिल्या गेटजवळच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"चुकलं तर नुसतं तोंड फिरवा.
बरोबर केलं की दोन आकड्यांच्या आत काहीतरी द्या.
तिसऱ्या आकड्याला त्याला कळत नाही, कशाचं मिळालं ते."
अण्णांनी त्यातलं निम्मं ऐकलं.
उरलेलं मी बिलाच्या पाठीवर लिहून दिलं.
त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं,
आणि बाजारातून बिनमिठाचे दाणे आणले, पावशेर.

जिभेनं टक् करा, म्हणाल्या होत्या बाई.
पण स्वतःचं टक् अण्णांना ऐकू येईना.
तीन दिवस दाणे गेले, कुत्रा तसाच.
चौथ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते,
आणि अंगणातला आरडाओरडा थांबला.
बाहेर आले तर
अण्णांनी हाताचा पंजा पालथा करून
हळूच खाली नेला,
मागाच्या शेडमधली खूण: बंद कर.
शंभर मागांच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार,
तिथं सगळी बोलायची हातानंच.
धागा तुटला, दोन बोटं.
मालक आला, मिशीवर हात.
खारीक पंज्याकडं बघत बघत खाली बसला.
दाणा. लगेच. एक आकडासुद्धा झाला नव्हता.

मग "चहा आला" ही खूण केली की तो धावत यायला लागला.
"कुठल्या भाषेत शिकवलासा ओ?" शिवलीलाक्कांनी विचारलं.
अण्णांना प्रश्न दुसऱ्यांदा कळला.
"मागाच्या," म्हणाले.

सगळं सरळ झालं असं नाही.
एकदा चप्पल गेली, एकदा अक्कांच्या वाळवणातले सांडगे,
आणि एकदा सुरळी झाली पेपरची,
वर गेली,
आणि अण्णा तिच्याकडं बघत उभे राहिले
जसं काही ती दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.
पुढं तो पेपर त्यांनी उलगडून वाचला. शिळा होता.

नोव्हेंबरात गल्लीतून मिरवणूक गेली, डीजेसकट.
भांडी हलली फडताळातली. खारीक मोरीत शिरला.
अण्णांना डीजे नव्हता, नुसती थरथर दिसत होती.
ते मोरीच्या उंबऱ्यावर बसले, पालथा पंजा फरशीवर,
एक दाणा मधोमध.
ओढलं नाही. बोलावलं नाही.
पाऊण तासानं नाक बाहेर आलं,
आणि त्यांच्या तोंडून, कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात,
"शाण्या."
हा शब्द पलीकडच्या घरातही असाच म्हणतात.
खारीकला कुठला वाटला, कोण जाणे.

काल संध्याकाळी मी चहा नेला.
अण्णा रस्त्याकडं बघत होते, हात खिशात.
कप ठेवला तसा
त्यांनी माझ्या तळहातावर अर्धा दाणा ठेवला,
न बघता, सवयीनं.
मग बघितलं.
दोघंही काही बोललो नाही.

मी तो खाल्ला.
आज चहा पाच मिनिटं आधीच नेलाय.