तीन मिलिमीटर

सोमवारी शिरोलीच्या फौंड्र्या बंद,
म्हणून सोमवारी शाहूपुरीत
माझ्या बाकावर लाल डोळ्यांची रांग.

जिनगोंडा मगदूम, वय बावन्न.
ओतीव लोखंडाच्या कडा घासतो, सव्वीस वर्षं.
गॉगल खिशात.
"वाळू हाय डोळ्यात," म्हणतो.
वाळू नाही. दिव्याखाली पाहिलं मी.

खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवते,
करंगळीच्या नखापेक्षा बारीक.
"पाच मिनिटं. बोलू नका."
बोलतोच.

पाण्याला सगळे ओळखतात.
पाण्यात कोण कोण राहतं, ते कुणी विचारत नाही.
एक आहे, जंतूंच्या भिंतीच कापतं, लायसोझाइम,
अंड्याच्या पांढऱ्यातही तेच
पिल्लाची राखण करत बसलेलं.
एक लॅक्टोफेरिन.
जंतूला जगायला लोखंड लागतं, कणभर,
तर हे तो कणही मुठीत दाबून बसतं,
उधारी बंद केलेल्या दुकानदारासारखं.
आणि म्युसिन, चिकट,
बुबुळावर सारवून ठेवलेलं,
त्याच्यामुळे पाणी ठरतं, नाहीतर ओघळून जाईल.
पापणी पडते, उठते,
पुन्हा सारवून जाते.

जन्मभर लोखंड झेललेल्या माणसाच्या डोळ्यात
लोखंडाचाच एक राखणदार,
आणि नेमका तोच कमी पडलेला.
हे मला दर सोमवारी सुचतं.
सांगणार कुणाला?

"आई गेली मार्गशीर्षात," तो पट्टीआडून म्हणतो.
"पाणी आलं न्हाई.
भैन म्हणाली, दगूड हाईस तू.
तवापास्नं हुपरीचा फोन न्हाई."

घड्याळ. पट्टी काढते.
"किती?"
"तीन."
"तीन काय?"
"मिलिमीटर. दहा तरी हवं."

मी कितीतरी जणांना हा आकडा सांगितला आहे.
ऐकून खूश झालेला हा पहिलाच.
"मग लिवून द्या की, म्याडम. शिक्क्यासकट.
तिला दावतो."

मला माहीत आहे,
रडण्याचा हुकूम वेगळ्या वाटेनं येतो
आणि ही पट्टी ती वाट मोजत नाही.
याच खुर्चीत कोरड्या डोळ्यांची माणसं
घळाघळा रडलेली मी पाहिली आहेत.
सांगायला तोंड उघडलं.
मग केसपेपरवर "तीन" लिहिलं, दोन्ही डोळ्यांपुढे.
तेवढं तर खरं होतं.
"शिक्का डॉक्टरांकडे," म्हटलं.

थेंब, दिवसातून सहा वेळा.
गॉगल नाकावर.
"धुकं धरतंय त्याच्यावर," म्हणाला,
आणि केसपेपरची घडी घातली,
चार पदरी,
सात-बाराचा उतारा ठेवतात तशी वरच्या खिशात.
हुपरीची बस किती वाजता, ते दारातूनच विचारलं.

पुढचं नाव पुकारायचं होतं.
ट्रेमध्ये त्याची पट्टी पडलेली,
ओल कुठवर चढली होती
ते आता कळतही नव्हतं.
पंख्यानं पाणी नेलं.
जे पाणी नव्हतं
ते कागदातच राहिलं.