एकोणचाळीस नंबरची मादी

ऑस्रिकनं पिंजरा उतरवला तेव्हा
तिच्या मुठीत आंब्याची कोय होती.
भूल चढली, पापण्या मिटल्या,
मूठ सुटली नाही.

मी स्वॅब फिरवला, आधी गालाच्या आतून, मग खालून,
हलक्या हातानं, जसा बासटेअरच्या दवाखान्यात
दर तीन वर्षांनी कुणी माझ्यावर फिरवतं
आणि म्हणतं, मिस लिबर्ड, पाय सैल सोडा.
ही सैलच होती. हिला कुणी विचारलं नव्हतं.

अंगावर एक चामखीळ नाही.
दात पिवळे पण शाबूत. धडधाकट.
तरी दुसऱ्या आठवड्यात नळीतून निघालं ते :
सात हजार आठशे बारा अक्षरांचं एक वर्तुळ.
अक्षरं चारच, बाराखडी लागत नाही,
पण सुरुवात कुठून ते आपणच ठरवायचं,
बांगडीचा सांधा चाचपावा तसं.

आम्ही ई-सहापासून वाचतो. रीत आहे.
शेवटाकडे येतो एल-एक,
विषाणूचं कवच विणणारा जनुक.
तो ठेवायचा आजवर नोंदलेल्या सगळ्यांच्या शेजारी.
दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर नवा.
आमचा चौदा टक्के निघाला.
डॉक्टर पेम्बर्टन खुर्चीतून उठले
आणि परत बसले.

नवा म्हणजे आम्हाला नवा.
तो तर तिच्या आईच्या आईच्या आईपासून
कातडीत राहत आलेला,
भाडं नाही, भांडण नाही.

मग फांद्यांचं झाड काढलं पडद्यावर.
सगळ्यात जवळची फांदी
गांबियाच्या नदीकाठच्या एका माकडाची.
मधे अख्खा समुद्र.

जहाजाच्या वहीत गूळ आहे, दोरखंड आहेत,
माणसं आहेत, नगावर.
माकडं नाहीत.
कप्तानाची करमणूक कोण लिहून ठेवतं?
इथे उतरल्यावर ती डोंगरात पळाली,
उसावर वाढली, उसापायी मेली.
फड पेटवायची ती माणसं,
माकडाच्या हाती कोलीत
या बेटावर तरी कधी नव्हतं.

माझं आडनाव मळ्याच्या मालकाचं.
मीही एकदा नळीत थुंकून पाठवलं होतं एका कंपनीला.
टक्केवारी आली.
गाव नाही आलं.

हिचं आलं. नदीसकट.

अर्नेस्टीन मावशी याच घराण्यातल्या एका भावंडानं गेली.
तो सोळा नंबरचा.
शेवटच्या महिन्यात ती पपई मागायची, कच्ची, मीठ लावून,
आणि दोन घासांवर थांबायची.
म्हणून ई-सहामधली ती खूण, जिच्यापायी पेशी
मरायचं विसरते,
मी दोनदा शोधली. रात्री थांबून तिसऱ्यांदा.
आहे. अर्धवट.
अर्धवट म्हणजे काय, मी विचारलं.
पेम्बर्टन चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, अजून नमुने हवेत.

आमचा अजून बिननंबरी.
कमिटी पत्र पाठवेल, मग त्याला आकडा मिळेल.
तोवर फ्रीजरच्या डबीवर मी पेन्सिलनं लिहिलंय
'कोय'. हे कुणाला सांगू नका.

गुरुवारी कॅयनच्या वरच्या घळीत सोडायला गेलो.
दार उघडलं तरी ती बसूनच,
मग निघाली, चार पावलांवर वळली,
परत पिंजऱ्यात शिरून कोय घेतली.
वाळून लाकूड झालेली. तरी घेतली.
वर खडकावर एक पिल्लू वाट बघत होतं की नुसतंच बसलं होतं,
तिनं त्याचं तोंड धरलं, हुंगलं,
आणि गालाला गाल घासला, बराच वेळ.

मी हातमोजे काढायचे विसरले होते.
ऑस्रिक जीपचं दार आपटत म्हणाला,
माझ्या परसातले आंबे खाते ना,
ती हीच.