झुमलीबाईची कांचळी

खडेबाजारात गिऱ्हाईक माझ्या मशीनशी टेकून:
जुनी असेल तरच घेतो.
झुमलीबाई कांचळी पालथी करते.
आत अस्तर निपाणीच्या वखारीतल्या पिशवीचं,
तंबाखूचा वास अजून, अर्धा शिक्का,
वरची ओळ कानडी, खालची शिवणीत गेलेली.

"बेचाळीस भिंगं होती.
एक लग्नात नाचताना पडलं.
सासूनं शोधू दिलं नाही."

गिऱ्हाईक तिथं बोट ठेवतं.
दोरा अजून गोल उभा,
बुजवलेल्या विहिरीच्या कठड्यासारखा.

नवं बसवून देतो, मी म्हणालो,
दहा रुपयांत. कळणारसुद्धा नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग घडी घातली,
छतावर उजेडाचे तुकडे सैरावैरा पळाले,
आणि गिऱ्हाईकानं भाव वाढवला तेव्हा
ती जिना उतरत होती.